आतड्याला सुरी कळत नाही

साल १८८२. तुम्ही बंगळुरूजवळच्या व्हाइटफील्डच्या माळावर उभे आहात. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी इथली ३,९०० एकर जमीन दिली आहे. इथल्या एखाद्या म्हातारीचा हर्निया आज अडकला, तर तिच्यासाठी क्लोरोफॉर्मच. थकलेलं हृदय त्या गुंगीतून परतेल याचा भरवसा नाही. जागेपुरती भूल अजून यायची आहे; दोन वर्षांनी व्हिएन्नात कार्ल कोलर कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करेल.

पुढे चला. १९००, बाल्टिमोर. ज्यांना पूर्ण भूल झेपणार नाही, त्यांचे हर्निये तरुण हार्वे कुशिंग कोकेन टोचून करतो आहे. पाठोपाठ स्वीडनच्या उप्सालात कार्ल लेनांडर दाखवून देतो, की आतडं कापलं, चिमटलं, डागलं तरी जागा माणूस कळवळत नाही. दुखतं ते पोटाच्या भिंतीचं आतलं अस्तर, आणि आतडं ओढलं तर त्याचं मूळ. पुढचं सगळं या शोधावर उभं आहे, असं मला वाटतं.

आता आजच्या व्हाइटफील्डमधलं एक ऑपरेशन थिएटर. टेबलावर सोलापूरहून मुलाकडे आलेल्या आजी. वजन ४० किलो, हृदय अशक्त, जांघेत आतडं अडकलेलं. तुम्ही डोक्याशी, त्यांचा हात धरून. बेळगावची भूलतज्ज्ञ हिशेब मांडते: जागा बधिर करणारं लिग्नोकेन ॲड्रिनलिनसह किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे फार तर २८०. अर्ध्या टक्क्याचं औषध असेल तर ५६ मिलिलिटर. आजींची प्रकृती पाहून ती त्याच्याही बरंच आत थांबायचं ठरवते. पूर्ण भुलीची तयारी बाजूला आहेच.

सर्जन थराथराने टोचत जातात: कातडी, चरबी, स्नायूंवरचं वेष्टण. थोडं थांबतात, मग सुरी. पडद्यावरून डोकावता तर आतड्याचं वेटोळं काळंनिळं. कोमट सलाइनमध्ये भिजवलेले मॉप ठेवूनही रंग परतत नाही. तेवढा तुकडा कापावाच लागतो. कात्री चालते आणि आजी नातवाच्या शाळेबद्दल सांगत राहतात. मग वेटोळं जरासं बाहेर येतं.

“आजी, दुखतंय का?”

“दुखत नाही गं पोरी, आत कुणी ओढल्यागत होतंय.”

सर्जनचा हात तिथेच थांबतो. आतड्याच्या मुळाशी आणखी थोडं औषध, मग पुन्हा काम.

हे सगळ्यांना चालत नाही. पोटभर पू पसरला असेल, आतडी फुगली असतील, तर बहुधा पूर्ण भूलच लागते. पण घरातल्या थकल्या माणसाच्या कागदावर ‘भुलीसाठी अयोग्य’ असा शेरा आला, तर हात टेकण्याआधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारा: जागेवरच्या भुलीत करता येईल का?