अंतर्गळ : भेद ओळखण्याचा इतिहास

वर्धा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला. १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर दीर्घकाळ संशोधन झाले. अशा मुलखात जांघेत वा अंडकोशात सूज दिसली, की ती हत्तीरोगाचीच मानून मोकळे होणे सोपे असते. ती पाण्याची की आतड्याची, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. सुश्रुतसंहितेने मूत्रवृद्धी आणि अंत्रवृद्धी वेगळ्या मोजल्या. कुर्तुब्याचे अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू १०१३) यांनी ‘अत-तसरीफ’च्या तिसाव्या भागात या दोहोंना स्वतंत्र प्रकरणे दिली. हकिमांचा ‘फत्क’ म्हणजे आपला अंतर्गळ.

पुढे १८०६ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ हेसेलबाख यांनी पोटाच्या भिंतीतला कमकुवत त्रिकोण दाखवला. तिथल्या रोहिणीच्या आतल्या बाजूने उतरतो तो सरळ अंतर्गळ, बाहेरच्या बाजूने उतरतो तो तिरकस. तिसरा मांडीचा. त्याची गाठ जांघेच्या घडीखाली येते. तो पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो, आणि त्यातच आतडे आवळले जाण्याचा धोका सर्वांत मोठा.

आपल्या घरांत बाई हीच गाठ शरमेपोटी लपवते. वास्तविक इलाजासाठी गरजेपुरता पडदा दूर करण्याची मुभा फिक्हने दिलेली आहे. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर तिला त्याच घटकेला इस्पितळात न्यावे. एवढा भेद घराघरांत ठाऊक असला, तरी जीव वाचतील.