सूर आणि चित्र यांची ताटातूट

घरगुती मैफलीचे चित्रण मोबाईलवर करावयाचे, गाण्याचे ध्वनिमुद्रण निराळ्या यंत्रावर घ्यावयाचे आणि मागाहून दोहोंची सांगड घालावयाची, ही रीत आता परप्रांतीच्या मराठी घरांतही रुळत चालली आहे. ही खटपट अगदी आजची, असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः ती सिनेमाइतकीच जुनी आहे.

१८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या प्रारंभी अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसनच्या चित्रशाळेत, त्याचा सहकारी विल्यम डिक्सन एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवीत उभा राहिला. शेजारी दोन पुरुष नाचत होते. चित्र फितीवर उतरले, सूर मेणाच्या नळकांड्यावर. अवघ्या १७ सेकंदांचे ते चित्र! पुढे दोहोंची ताटातूट झाली. फीत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. नळकांडे एडिसनच्या संग्रहात राहिले, आणि तेही दुभंगलेले. पत्र एका नस्तीत व सहपत्र दुसऱ्या खात्यात गेले म्हणजे काय होते, हे आम्हां कारकुनांस कोणी सांगावयास नको. १९९८ साली नळकांडे सांधून ध्वनी मिळविण्यात आला आणि २००० साली वॉल्टर मर्च या संकलकाने दोहोंचा मेळ घातला. फितीवर खुणेची टाळी नव्हती. गजाची हालचाल आणि सूर एवढाच काय तो आधार. १०० वर्षांहून अधिक काळ हे वादन मुके आणि हे चित्र बहिरे राहिले होते.

आपल्याकडे १९३१ च्या 'आलम आरा'त सूर व चित्र एकाच फितीवर, एकाच वेळी घेतले गेले. वादक झाडाआड लपावेत आणि नटाने अभिनय करता करताच गावे, असा तो जमाना. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच गायिली. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' व त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छांव' यांत गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर ओठ हलविण्याची प्रथा आणिली. गळा सुटला खरा. पण ऐकणाराचा डोळा आणि कान यांत जी फारकत पडली, ती आम्हांस आजही थोडी खटकते.

घरच्या मैफलीत मात्र गळाही तोच आणि ओठही तेच. तेथे मेळ बसविण्यास आरंभी एक ठसठशीत टाळी पुरते: चित्रात तळहात भिडतात ती चौकट आणि ध्वनिरेषेवर उमटणारा उंच सुळका एकमेकांखाली आणावयाचे, की झाले. परंतु दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एक चालत नाहीत. दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी तासाभराच्या गायनात सेकंदाचे सुमारे ७० सहस्रांश भाग मागेपुढे होतात. सेकंदास २५ चौकटींच्या चित्रात एक चौकट ४० सहस्रांशांची. म्हणजे भैरवीपर्यंत तबलजीचा हात आणि बोल यांत जवळजवळ दोन चौकटींचे अंतर पडले. म्हणून दुसरी टाळी शेवटी द्यावी.

तिसरी गोष्ट मुखत्वे आम्हां बदलीवाल्यांची. चित्र भाच्याच्या मोबाईलवर, आवाज शेजाऱ्याच्या यंत्रावर, आणि तोवर एकाची बदली गुवाहाटीस! तेव्हा दोन्हींवर एकच नाव व तारीख त्याच रात्री घालावी. डिक्सनचे नळकांडे ओळखू आले तेही डब्यावर त्याच्या व्हायोलिनचा आणि 'किनेटो'चा उल्लेख कोणी करून ठेविला होता म्हणून.