ओवीला पुरावा म्हणायचं का? गजनृत्य आणि आपलं संशोधन

मित्रांनो, लोककलेवर पीएच.डी. करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पुरावा कुठाय?" आज आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ.

हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा उधळतात, ढोल-कैताळ घुमतात, धनगर मंडळी गोल धरून गजनृत्य करतात. सुंबरान मांडून ओव्या म्हणतात. थोडं गाणं, थोडी कथा.

आता कागद बघा. मराठेशाहीच्या दप्तरात धनगर भेटतो तो बऱ्याचदा वनचराईसारख्या करापुरता. म्हणजे सरकारला जेवढा लागला तेवढाच! ओवीत मात्र मेंढरं, चारा, पाणी, वाटा, देव असं सगळं जग येतं. ओवी बाजूला ठेवली तर या समाजाचा इतिहास म्हणून हातात उरते ती वसुली.

गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी ओव्या गोळा केल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावर जर्मन ग्रंथ लिहिला. देव समजून घ्यायला त्यांनी माळरान आणि मेंढपाळांची भटकंती अभ्यासली. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये विठ्ठल-बिरप्पा या जोडदेवांवरून पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांत शोधलं.

पण जपून. ओवीतून सनावळी काढू नका. "हजारो वर्षांची परंपरा" हे वाक्य तर प्रबंधात नकोच. आज म्हटलेली ओवी आधी आजचा पुरावा असते. तिच्यातली गावं, वाटा, नाती टिपा आणि मग ती मोडी कागदाशी ताडून बघा.

दुसरं म्हणजे, नुसते शब्द उतरवून भागत नाही. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतात अमाझिग (बर्बर) लोकांचा 'अहवाश' असतो. तिथेही डफासारख्या बेंदीरच्या तालावर माणसं रांग किंवा गोल धरतात, एका बाजूनं ओळ टाकली की दुसरी बाजू उचलते. यातला गोल काढून टाकला तर उरतं काय? गजनृत्याचंही तसंच. यात्रेत गोलाचं तोंड आत, देवाच्या ढोलाकडे असतं. स्पर्धेच्या स्टेजवर ते प्रेक्षकांकडे वळतं, वर वेळेचं बंधन. दोन्ही अभ्यासण्यासारखं आहे, फक्त एकाला दुसरं समजू नका.

तेव्हा वहीत ओवीसोबत एवढं लिहाच: ढोल कुठल्या गावचा, मान कुणाचा, आधी कोण उठलं. आणि रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या. ओवी त्यांची आहे, आपण ऐकायला आलोय.