एन्ट्रॉपी आणि सजीवसृष्टीतील गुंतागुंत : कर्नाळ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात १९६८ साली कर्नाळा पक्षी अभयारण्य स्थापन झाले. अशा वनातील पक्ष्यांची गणना झाली की तीवरून 'शॅनन निर्देशांक' काढण्याचा प्रघात आहे. हा निर्देशांक म्हणजे मुळात एन्ट्रॉपीच होय. उष्णतेच्या इंजिनांच्या अभ्यासातून उदयास आलेली ही संकल्पना पक्ष्यांच्या नोंदवहीपर्यंत कशी पोहोचली आणि या प्रवासात तिचा अर्थ कसा पालटला, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याचे मोल ठरवता येत नाही.

'एन्ट्रॉपी' हा शब्द रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८६५ मध्ये योजला. विलग व्यवस्थेची एन्ट्रॉपी कधीही कमी होत नाही, असे उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. १८७७ मध्ये लुडविग बोल्ट्झमान यांनी तिला संभाव्यतेचे अधिष्ठान दिले. रेणूंची मांडणी जितक्या अधिक प्रकारे शक्य, तितकी एन्ट्रॉपी अधिक. यातून एक कोडे निर्माण झाले. निसर्गाचा कल अव्यवस्थेकडे असेल, तर एका पेशीपासून सुसंघटित देह कसा घडतो? एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ मधील डब्लिन येथील व्याख्यानांत व १९४४ च्या ग्रंथात त्याचा ऊहापोह केला. सजीव परिसराकडून 'ऋण एन्ट्रॉपी' घेऊन आपली व्यवस्था टिकवतो, असे त्यांनी मांडले. सजीव ही खुली व्यवस्था आहे. तो अन्न घेतो आणि उष्णता बाहेर टाकतो. देहातील व्यवस्थेची किंमत परिसर चुकवतो, म्हणून नियम अबाधित राहतो.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशातील अनिश्चितता मोजण्यासाठी एक सूत्र दिले. त्याचे गणिती रूप बोल्ट्झमान-परंपरेतील सूत्रासारखेच असले, तरी विषय सर्वस्वी निराळा होता. १९५५ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर यांनी हे सूत्र अन्नजाळ्याच्या स्थैर्याच्या अभ्यासासाठी वापरले. त्याच दशकात रामोन मार्गालेफ यांनी माहिती-सिद्धान्त परिसंस्थाशास्त्रात आणला. संदेशातील अक्षरांची जागा आता प्राणिजातींनी घेतली. येथे अर्थाची दिशाच बदलली. श्रोडिंगर यांच्या विवेचनात सजीवाची कमी एन्ट्रॉपी हे संघटनेचे लक्षण होते. परिसंस्थाशास्त्रात अधिक एन्ट्रॉपी हे समृद्धीचे लक्षण ठरले.

एका काल्पनिक उदाहरणाने ही बाब स्पष्ट होईल. एका वनखंडात शीळकरी कस्तूर, स्वर्गीय नर्तक, भृंगराज आणि सुतार हे प्रत्येकी २५, असे एकूण १०० पक्षी आढळले, तर नैसर्गिक लॉगरिदमने निर्देशांक १.३९ येतो. एकाच जातीचे ९७ आणि उरलेल्या तीन जातींचे प्रत्येकी एक पक्षी असतील, तर तो ०.१७ पर्यंत उतरतो. येथवर सूत्र आपले काम चोख करते. परंतु वनातील चारही जाती नाहीशा होऊन त्यांच्या जागी कावळा, साळुंकी, पारवा व चिमणी प्रत्येकी २५ आल्या, तरी निर्देशांक १.३९ च राहतो. जातींचे प्रमाण सूत्राला कळते. त्यांची ओळख आणि परस्परसंबंध मात्र कळत नाहीत.

ही उणीव अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नाही. १९७१ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी जातिविविधतेच्या अशा वापरावर कठोर टीका केली. १९८२ मध्ये भारतीय संख्याशास्त्रज्ञांनी या चर्चेला मोलाची जोड दिली. गणपती पाटील यांनी चार्ल्स टेली यांच्यासमवेत विविधतेचा अर्थ 'सरासरी दुर्मीळता' असा लावला. सी. आर. राव यांनी 'द्विघाती एन्ट्रॉपी' मांडली; तीत यदृच्छया निवडलेल्या दोन जीवांमधील सरासरी भिन्नता मोजली जाते. जातींमध्ये किती अंतर आहे, हा प्रश्न त्यामुळे गणितात आला. तरीही ते अंतर कोणत्या निकषावर ठरवायचे, हा निर्णय जीवशास्त्रज्ञालाच घ्यावा लागतो.

पनवेल परिसरात हा वाद केवळ तात्त्विक नाही. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा अभयारण्यातूनच जातो, तर २०२५ मध्ये जवळच नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांत शॅनन निर्देशांक सर्रास दिला जातो. दोन गणनांचा निर्देशांक समान आला म्हणजे वन पूर्ववत आहे, असा निष्कर्ष काढणे सूत्राच्या कुवतीबाहेरचे आहे. म्हणून निर्देशांकासोबत जातींची संपूर्ण यादी आणि त्यांच्या अधिवासाची नोंद देणे आवश्यक ठरते. एन्ट्रॉपी विविधतेचे एक अंग मोजते. सजीवसृष्टीची गुंतागुंत त्याहून व्यापक आहे.