पैसे कोणाच्या हाती द्यायचे?

आमच्या मावशीला पक्षाघात झाला तेव्हा आम्ही भाच्यांनी एक बाई ठेवल्या होत्या. पगार आम्ही देत होतो आणि वेळाही आम्हीच ठरवत होतो. बाईंना आठची बस गाठायची असे, म्हणून साडेसातला मावशीला झोपवले जाई. "अरे, बातम्या तरी बघू दे की," असे ती एकदा म्हणाली. मी हसण्यावारी नेले.

पुढे इंग्लंडमधील अपंगांच्या चळवळीबद्दल वाचू लागलो, तेव्हा हेच भांडण तिथे सापडले. हँपशर परगण्यात 'ल कोर्ट' नावाचे निवासगृह होते. हवाई दलातील वैमानिक लेनर्ड चेशर यांनी ते १९४८ साली सुरू केले. (आपल्या अंधेरीतले चेशर होम त्यांच्याच प्रेरणेने १९५६ साली निघाले.) संस्थापकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण कधी झोपायचे, हेसुद्धा रहिवाशांना भांडून मिळवावे लागले. त्यांतला पॉल हंट याने २० सप्टेंबर १९७२ रोजी 'गार्डियन'मध्ये पत्र लिहून अशा गृहांतील अपंगांना संघटित व्हायला सांगितले.

माझी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली, त्यामुळे कायदा वाचतानाही पैसा कुठून कुठे जातो हे मी आधी पाहतो. १९४८च्या 'नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट'ने जुना दारिद्र्य कायदा मोडीत काढला आणि कामाची वाटणी केली. रोख मदत मध्यवर्ती मंडळाने द्यायची, सेवा स्थानिक कौन्सिलांनी. कलम २९ तर कौन्सिलांना अपंगांच्या हाती पैसे देण्याची मुभाच नाकारत होते. म्हणजे एका माणसाला निवासगृहात ठेवण्यासाठी कौन्सिल वर्षानुवर्षे खर्च करू शकत होती. तेवढीच रक्कम त्याला देऊन "तुझा मदतनीस तू नेम" असे म्हणू शकत नव्हती.

१९७९मध्ये जॉन इव्हान्स आणि ल कोर्टच्या आणखी काही रहिवाशांनी 'प्रोजेक्ट ८१' सुरू केला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते; तोवर बाहेर पडून आपल्या घरी राहायचे, असा बेत. अडचण कलम २९ची. वाटाघाटींतून निघालेला तोडगा मला फार मासलेवाईक वाटतो: कौन्सिलने पैसे निवासगृहाला द्यायचे आणि निवासगृहाने ते बाहेर पडलेल्या माणसाला! ज्या दारातून बाहेर पडायचे, त्याच दाराशी दरमहा हिशेब. इव्हान्स १९८३ साली बाहेर पडले. स्वतः मदतनीस निवडायचा, त्याच्या वेळा ठरवायच्या, पगार द्यायचा. कालपर्यंतचा 'लाभार्थी' आज मालक झाला, पगारपत्रकाच्या सगळ्या डोकेदुखीसकट.

कायदा बदलायला १९९६ उजाडले. तोवर अपंगांच्या संघटनांनी एक अभ्यास करून घेतला होता. १९९४च्या त्या अहवालाने दाखवले, की रोख रक्कम देणे हे सेवा पुरवण्यापेक्षा सरासरी ३० ते ४० टक्के स्वस्त पडते आणि माणसे जास्त समाधानी असतात. यातला दुसरा मुद्दा चळवळीचा होता. खजिन्याला पहिला ऐकू आला, असे माझे मत. एप्रिल १९९७पासून थेट रक्कम देणे कायदेशीर झाले, तेही पासष्टीच्या आतल्यांना. माझ्या मावशीच्या वयाच्या माणसांना २०००पर्यंत थांबावे लागले.

२००३नंतर 'इन कंट्रोल' या उपक्रमातून वैयक्तिक बजेटची कल्पना पुढे आली: तुमच्या वाट्याची रक्कम आधी सांगायची, मग आखणी तुम्ही करायची. २०१४च्या 'केअर अ‍ॅक्ट'ने ती कायद्यात आणली. मात्र बजेट म्हणजे रोकड नव्हे. आकडा तुमच्या नावावर असला, तरी खर्च कौन्सिल करू शकते. शिवाय आकडा एकदा माणसागणिक लिहिला, की तो माणसागणिक कापताही येतो.

ज्यांना सर्वांत जास्त मदत लागते त्यांच्यासाठी १९८८पासून 'इंडिपेंडंट लिव्हिंग फंड' होता. ३० जून २०१५ला तो बंद झाला. इंग्लंडमध्ये त्याचे पैसे कौन्सिलांकडे गेले, पण ते याच कामासाठी राखून ठेवण्याची सक्ती केली गेली नाही.