पक्षाज्ञा कीं सदसद्विवेक ? १९६९ ची राष्ट्रपति-निवडणूक

पक्षनिष्ठा ही लोकशाहीच्या व्यवहारांतील एक आवश्यक शिस्त आहे, याविषयीं फारसा वाद नाहीं. पक्ष नसतील तर आपलें मत कोणत्या धोरणास पडलें हें मतदारास कळणार नाहीं, आणि मंत्रिमंडळास चार दिवस स्थिर राहतां येणार नाहीं. परंतु ज्या पदावर बसणाऱ्यानें सर्व पक्षांहून अलिप्त राहावें अशी अपेक्षा असते, त्या राष्ट्रपतिपदाचा उमेदवार निवडतांना ही निष्ठा कोठपर्यंत मानावी, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. भारतांत तो सर्वांत तीव्र स्वरूपांत उभा राहिला तो १९६९ सालीं.

त्या वर्षीं ३ मे रोजीं राष्ट्रपति डॉ. झाकिर हुसेन यांचें अधिकारावर असतांनाच निधन झालें, व उपराष्ट्रपति वराहगिरि वेंकट गिरि हे हंगामी राष्ट्रपति झाले. काँग्रेस पक्षांत त्या वेळीं दोन तट पडले होते. एका बाजूस पंतप्रधान इंदिरा गांधी. दुसऱ्या बाजूस पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील हे जुने पुढारी. या दुसऱ्या गटास 'सिंडिकेट' असें नांव पडलें होतें. जुलै महिन्यांत बंगलोर येथें पक्षाच्या पार्लमेंटरी बोर्डाची बैठक भरली. पंतप्रधानांची पसंती जगजीवनराम यांस होती. बहुमत मात्र लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूनें पडलें. त्या बहुमतांत गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचेंही मत होतें.

यानंतरच्या घटना फार वेगानें घडल्या. १६ जुलै रोजीं मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखातें पंतप्रधानांनीं काढून घेतलें. १९ जुलै रोजीं वटहुकूम निघून १४ मोठ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. दुसऱ्याच दिवशीं गिरि यांनीं राजीनामा दिला व ते अपक्ष म्हणून निवडणुकीस उभे राहिले. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही होती, हें येथें लक्षांत ठेवावयास हवें.

राष्ट्रपतीच्या निवडणुकींत मत देणारे म्हणजे संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सभासद. प्रत्येकाच्या मताचें मूल्य घटनेनें घालून दिलेल्या प्रमाणांत ठरतें, आणि मतदार आपल्या पसंतीचा पहिला, दुसरा असा क्रम लिहितो. जनसंघ व स्वतंत्र या पक्षांनीं चिंतामणराव देशमुख यांस उभें केलें होतें. त्यांच्या मतदारांनीं दुसरी पसंती रेड्डी यांस द्यावी, अशी बोलणीं निजलिंगप्पा यांनीं त्या पक्षांच्या पुढाऱ्यांशीं केलीं. ही गोष्ट बाहेर येतांच जगजीवनराम व फक्रुद्दिन अली अहमद यांनीं पक्षाध्यक्षांकडे जाब मागितला. पक्षाचा आदेश काढण्यास पंतप्रधानांनीं नकार दिला, व प्रत्येकानें आपल्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावें, असें आवाहन झालें.

मतदान १६ ऑगस्ट रोजीं झालें. मोजणी २० तारखेस झाली. पहिल्या पसंतीचीं मतें मूल्याप्रमाणें गिरि यांस ४,०१,५१५, रेड्डी यांस ३,१३,५४८ आणि देशमुख यांस १,१२,७६९ अशीं पडलीं. विजयास ४,१८,१६९ मतें हवीं होतीं. तीं कोणासच मिळालीं नव्हतीं. इतर सर्व उमेदवार बाद होऊन पुढच्या पसंतीचीं मतें मिळविल्यावर गिरि ४,२०,०७७ वर व रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. सत्ताधारी पक्षाचा अधिकृत उमेदवार अवघ्या १४,६५० मतांनीं पराभूत झाला. नोव्हेंबरमध्यें पंतप्रधानांस पक्षांतून काढल्याचें जाहीर झालें, आणि काँग्रेस दुभंगली.

या प्रकरणीं न्याय कोणाच्या बाजूस होता ? घटनेचा आधार पाहिला तर मतदाराच्या स्वातंत्र्याचें पारडें जड आहे. हें मतदान गुप्त असतें, व तें गुप्त ठेवण्याचा हेतूच हा कीं, मत देणाऱ्यावर कोणाची पाळत नसावी. १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तरी या निवडणुकीस तो लागू पडत नाहीं. पक्षास येथें सक्तीचा आदेश काढतां येत नाहीं. असें असलें तरी सहीची किंमत उरतेच. ज्यास रेड्डी नको होते, त्यानें बंगलोर येथेंच तसें बोलून, नंतर अर्जावर सही करण्याचें नाकारावयाचें होतें. सही करून मग विवेकाची आठवण काढणें हें शिष्टाचारास धरून नव्हतें. दुसऱ्या पक्षींही दोष लहान नव्हता. पंतप्रधानांस वचकांत ठेवील असा राष्ट्रपति शोधणें, आणि त्यासाठीं विरोधकांच्या दारीं जाणें, याला पक्षनिष्ठा कोण म्हणेल ? शिवाय, पुढाऱ्याच्या हांकेसरशी जागा होणारा विवेक हा बहुधा विवेक नसून दुसऱ्या पुढाऱ्याची आज्ञाच असते.

श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी अशी गोष्ट पुढेंच आहे. ज्या रेड्डी यांस पक्षाचा माणूस म्हणून विरोध झाला, त्यांनीं १९६७ सालीं लोकसभेचें अध्यक्षपद स्वीकारतांच काँग्रेसचें सभासदत्व सोडलें होतें, हेतु हा कीं आसनास पक्षाचा स्पर्श नसावा. उलट अपक्ष म्हणून निवडून आलेले गिरि हे आयुष्यभराचे काँग्रेसजन होते. तिसरे उमेदवार देशमुख यांनीं तर १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा त्याग केला होता. विवेकासाठीं किंमत मोजणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रास त्यांच्यामुळें ठाऊक होतें. म्हणजे उमेदवाराच्या कपाळावरील पक्षाचा टिळा आणि त्याच्या अंगचा निःपक्षपातीपणा, या दोहोंचा संबंध समजतों तितका जवळचा नाहीं. पुढें १९७७ सालीं हेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपति झाले. आठ वर्षांपूर्वीं पक्ष दुभंगण्यास निमित्त झालेलें नांव सर्वांस मान्य झालें.

निष्ठेचे प्रकारही दोनच नाहींत. २००७ सालीं शिवसेनेनें आपल्या आघाडीचे उमेदवार भैरोंसिंह शेखावत यांस सोडून प्रतिभाताई पाटील यांस मतें दिलीं. तेथें पक्षमैत्रीवर मराठीपणाच्या अभिमानानें मात केली. तोही अखेर एक तटच. मात्र तो उघडपणें बांधलेला होता.

तात्पर्य, पक्षानें उमेदवार सुचवावा, त्यावर मोकळेपणीं वाद व्हावा, आणि ज्यानें शब्द दिला त्यानें तो पाळावा. येथपर्यंत पक्षनिष्ठेचा अधिकार मान्य करणें योग्य आहे. परंतु मतपत्रिका हातीं आल्यावर विचारावयाचा प्रश्न एकच : हा मनुष्य, आपणांस निवडून देणाऱ्यांस प्रसंगीं नाहीं म्हणूं शकेल काय ? बंगलोरच्या त्या बैठकींत दोन्ही तटांस, हा आपलें ऐकेल काय, याचीच काळजी अधिक होती. पक्ष फुटला तो या काळजीपायीं. विवेक व निष्ठा यांचा झगडा हें त्याचें केवळ वरचें रूप होतें.