शेख फरीदांचीं पंजाबी वचनें व खुलदाबादची साक्ष

शेख फरीदुद्दीन मसऊद, म्हणजेच गंजशकर या नांवानें प्रसिद्ध असलेले चिश्ती सत्पुरुष, हे पंजाबचे. त्यांचा दर्गा सतलजेच्या खोऱ्यांतील पाकपट्टण येथें, म्हणजे हल्लींच्या पाकिस्तानांत आहे. तेव्हां सह्याद्रीच्या पायथ्याशीं कर्जत व खालापूर या तालुक्यांत राहून जुन्या कागदांचे रुमाल सोडणाऱ्या संग्राहकास या पुरुषाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास तो अप्रस्तुत म्हणतां येणार नाहीं. त्याचें उत्तर असें कीं, फरीदांच्या नांवावर चालत आलेलें पंजाबी काव्य खरोखर किती जुनें, हा वाद शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे; आणि त्या वादांतील एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा पंजाबांत नसून आपल्या महाराष्ट्रांत, वेरूळनजीकच्या खुलदाबादेस तयार झालेल्या फारसी ग्रंथांत आहे. कवीच्या गांवापासून शेंकडों कोस दूर, परक्या भाषेच्या ग्रंथांत सहज म्हणून उतरलेलें एखादें वचन पुढील काळीं केलेल्या मोठ्या संग्रहापेक्षांहि काळनिर्णयास अधिक उपयोगी कसें पडतें, हें या उदाहरणावरून चांगलें दिसून येतें.

प्रथम चरित्र पाहूं. फरीदांचा जन्म मुलतानजवळील कोठेवाल या गांवीं इ. स. ११७५ चे सुमारास झाला. घराणें काबुलाकडून आलेलें. आजोबांकडे त्या गांवची काजीगिरी होती. मातोश्री कर्सूम बीबी यांच्या उपासनेचा मुलाच्या मनावर मोठा संस्कार झाला, असें चरित्रकार सांगतात. मुलतानास विद्याभ्यास चालला असतां ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांची गांठ पडली व फरीदांनीं त्यांचें शिष्यत्व पत्करिलें. काकी हे अजमेरच्या मुईनुद्दीन चिश्तींचे शिष्य. अर्थात् हिंदुस्थानांतील चिश्ती परंपरेंत फरीद तिसऱ्या पिढीचे ठरतात. काकी इ. स. १२३५ सालीं दिल्लीस वारले. गुरूंच्या मागें राजधानींत गादी मांडून बसणें फरीदांस सहज शक्य होतें. परंतु दरबाराचा शेजार त्यांस मानवला नाहीं. कांहीं काळ हांसी येथें राहून अखेर ते अजोधन या आडवळणाच्या गांवीं स्थायिक झाले, आणि हिजरी ६६४ च्या मोहरम महिन्याच्या ५ तारखेस, म्हणजे इ. स. १२६५ सालीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. अजोधन तें हेंच पाकपट्टण.

अजोधनचा जमातखाना हा फरीदांच्या कार्याचा खरा आधार होता. तेथें संपत्तीचा सांठा नव्हता. रानांतील फळें उकडून त्यांवर दिवस काढावे, झोळी फिरवून मिळेल तो तुकडा सर्वांनीं वांटून घ्यावा, असा क्रम होता. दार रात्रीं उशिरापर्यंत उघडें असे, आणि येणाऱ्यांत शेतकरी, विद्यार्थी, शिपाई, कलंदर यांबरोबर जोगीहि असत. अशा ठिकाणीं केवळ अरबी-फारसीवर भागणें शक्य नव्हतें. फरीद स्वतः विद्वान् होते, तरी त्यांच्या तोंडचीं देशी भाषेंतील वाक्यें पुढील चरित्रग्रंथांनीं नोंदून ठेविलीं आहेत. म्हणजे लोकभाषेंत बोलणें हा त्यांच्या नित्य व्यवहाराचा भाग होता. त्यांनीं त्या भाषेंत काव्यहि केलें काय, हाच वादाचा प्रश्न होय.

शीख पंथाचे पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं इ. स. १६०४ सालीं आदिग्रंथाचें संकलन पुरें केलें. त्यांत शेख फरीदांच्या नांवावर ४ पदें व ११२ श्लोक आहेत. पदांपैकीं दोन आसा रागांत व दोन सूही रागांत आहेत. श्लोकांचें प्रकरण मात्र एकंदर १३० श्लोकांचें आहे. कारण फरीदांच्या श्लोकांमध्यें शीख गुरूंचे १८ श्लोक ठिकठिकाणीं गुंफिले आहेत. कोठें फरीदांच्या म्हणण्यास पुस्ती जोडली आहे, तर कोठें त्यांतील वैराग्याचा रोख निराळीकडे वळविला आहे. मृत्यूची निश्चिति, ओसरलेलें तारुण्य, कोरड्या भाकरींतील समाधान, धुळीची नम्रता व प्रियतमाचा विरह हे या श्लोकांचे मुख्य विषय. पंजाबी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे बहुधा येथूनच आरंभ करतात. तेव्हां हे श्लोक तेराव्या शतकाचे कीं सोळाव्या, यावर एका भाषेच्या काव्येतिहासाचीं तीन शतकें अवलंबून आहेत.

शंका घेणारे पक्ष दुबळे नाहींत. मॅक्स आर्थर मॅकॉलिफ यांनीं इ. स. १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या शीख धर्मावरील आपल्या बृहद्‌ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, हें काव्य मूळ फरीदांचें नसून पाकपट्टणच्या गादीवरील त्यांचे वंशज शेख इब्राहीम यांचें आहे. हे इब्राहीम गुरु नानकांचे (१४६९-१५३९) समकालीन असून, मॅकॉलिफ यांच्या मतें इ. स. १५५२ सालीं वारले. नानकांच्या पश्चात् अनेक गुरूंनीं ज्याप्रमाणें ‘नानक’ हीच मुद्रा काव्यांत घातली, त्याप्रमाणें इब्राहीम यांनीं मूळ पुरुषाचें नांव घातलें, असा त्यांचा तर्क. पुढें खलीक अहमद निजामी यांनीं इ. स. १९५५ सालीं लिहिलेल्या फरीदांच्या चरित्रांतहि या काव्याच्या कर्तृत्वाविषयीं अविश्वासच प्रकट केला. जुने चरित्रकार फरीदांच्या काव्यसंग्रहाविषयीं कांहीं सांगत नाहींत, व श्लोकांची भाषा तेराव्या शतकाची वाटत नाहीं, ही या पक्षाची मुख्य भिस्त होय.

मराठी वाचकास हा पेंच नवा नाहीं. ‘नामा’ या एका मुद्रेखालीं संत नामदेव व सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा यांचे अभंग गाथ्यांतून असे मिसळले आहेत कीं, ते निवडतांना अभ्यासकांची पुरेवाट होते. परंतु विष्णुदास नामा झाला, एवढ्यावरून आधींचा नामदेव कवि नव्हता, असें कोणी म्हणत नाहीं. भाषेचा मुद्दाहि तसाच. मुखपरंपरेनें चालत आलेलें काव्य प्रत्येक पिढीच्या जिभेवर थोडें थोडें नवें होतें; ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील पाठभेद ज्यानें पाहिले आहेत, त्यास हें सांगणें नको. सारांश, भाषा नवी दिसणें हें कर्ता नवा असल्याचें प्रमाण होत नाहीं. त्यासाठीं बाहेरची व काळानें बांधलेली अशी साक्ष पाहिजे.

ती साक्ष दख्खनेंत कशी आली, हें आतां पाहूं. फरीदांचे शिष्य निजामुद्दीन औलिया (मृत्यु १३२५) हे गुरूंच्या हयातींत तीन वेळां अजोधनास जाऊन राहिले होते. गुरुमुखांतून ऐकिलेल्या गोष्टी ते दिल्लीस आपल्या मंडळीस सांगत. अमीर हसन सिजझी यांनीं इ. स. १३०८ पासून १३२२ पर्यंतचीं त्यांचीं संभाषणें ‘फवाइद-उल्-फुआद’ या ग्रंथांत तारीखवार टिपून ठेविलीं. सत्पुरुषाच्या अशा टिपलेल्या संभाषणांस मल्फूजात म्हणतात. पुढें इ. स. १३२७ सालीं मुहम्मद तुघलकानें देवगिरीस दौलताबाद नांव देऊन राजधानी केली व दिल्लीचे उलेमा, सूफी आणि मुत्सद्दी यांस तिकडे पाठविलें. या स्थलांतराची हकीकत आपल्या इतिहासग्रंथांत बहुधा सुलतानाच्या लहरीचें उदाहरण म्हणून येते. पण त्याच वाटेनें चिश्ती परंपरेचें सारें भांडार महाराष्ट्रांत उतरलें, ही गोष्ट तितकीच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्वतः अमीर हसन दौलताबादेस आले व खुलदाबादेस त्यांची कबर आहे. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांनीं येथेंच गादी स्थापिली आणि ते इ. स. १३३७ सालीं वारले. रुक्नुद्दीन, हम्माद व मज्दुद्दीन या काशानी बंधूंनीं त्यांच्या बोलण्याच्या नोंदी केल्या. ‘नफाइस-उल्-अन्फास’, ‘अहसन-उल्-अक्वाल’ व ‘गराइब-उल्-करामात’ हे त्यांचे ग्रंथ होत.

बुऱ्हाणुद्दीनांच्या मागून शेख झैनुद्दीन शिराझी गादीवर आले. यांचा काळ इ. स. १३६९ हा. औरंगजेब बादशहाची कबर आहे ती यांच्याच दर्ग्याच्या आवारांत. झैनुद्दीनांचीं संभाषणें मीर हसन नांवाच्या शिष्यानें ‘हिदायत-उल्-कुलूब’ या ग्रंथांत संगृहीत केलीं. खुलदाबादच्या या फारसी वाङ्मयांत शेख फरीदांच्या नांवानें देशी भाषेंतील वचनें आलेलीं आहेत. कार्ल अर्न्स्ट यांनीं खुलदाबादच्या सूफींवरील इ. स. १९९२ च्या आपल्या ग्रंथांत हें साहित्य अभ्यासकांपुढें मांडिलें, आणि तेव्हांपासून पंजाबी काव्याच्या आरंभाची चर्चा या साक्षीवांचून पुरी होत नाहीं.

आतां वर्षांचा हिशेब मांडावा. फरीदांचा अंत १२६५, झैनुद्दीनांचा १३६९. म्हणजे मध्यें अंतर सुमारें शंभर वर्षांचें. शेख इब्राहीम यांचा मृत्यु त्यानंतर १८३ वर्षांनीं व आदिग्रंथाचें संकलन २३५ वर्षांनीं. तेव्हां इब्राहीम यांच्या जन्माच्याहि पुष्कळ आधीं, दख्खनेंतील एका खानकाहींत, फरीदांच्या नांवाचीं देशी वचनें प्रमाण म्हणून म्हटलीं जात होतीं, एवढें यावरून ठरतें. ही परंपरा तोंडोतोंडीं गुरुशिष्यक्रमानें आली आहे: फरीद, निजामुद्दीन, बुऱ्हाणुद्दीन, झैनुद्दीन. मधल्या दुव्यांपैकीं निजामुद्दीन हे तर प्रत्यक्ष फरीदांच्या पायाशीं बसलेले होते.

या पुराव्यावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, चिश्ती सत्पुरुषांच्या नांवावर बनावट मल्फूजातहि पुष्कळ झाले. निजामुद्दीनांनीं फरीदांचीं संभाषणें लिहिलीं म्हणून दाखविला जाणारा ‘राहत-उल्-कुलूब’ हा ग्रंथ त्यांतलाच, हें प्रा. महंमद हबीब यांनीं इ. स. १९५० सालीं साधार दाखविलें. आक्षेप योग्य आहे, पण तो खुलदाबादच्या ग्रंथांस लागत नाहीं. त्यांचे लेखक, काळ व स्थळ हीं ज्ञात असून ते परस्परांस दुजोरा देतात. दुसरा आक्षेप नकलकारांचा. मूळ ग्रंथ चौदाव्या शतकाचा असला तरी मागाहूनच्या नकलकारानें वचन घुसडलें नसेल कशावरून? याचें उत्तर वचनाच्या स्थितींतच सांपडतें. फारसी लिपींत देशी भाषेचे स्वर नीट उमटत नाहींत. पंजाबी न जाणणारा नकलकार असें वचन मोडतो, सोडतो किंवा फारसींत ओढतो. जें त्यास समजतच नाहीं तें नव्यानें रचून घालण्याचें त्यास प्रयोजन नसतें. तेव्हां अशा ग्रंथांतील दुर्बोध, मोडकें देशी वचन हें भेसळीचें नव्हे, तर बहुधा जुनेपणाचेंच चिन्ह समजावें.

तथापि साक्ष जेवढें सांगते त्यापलीकडे जाऊं नये. आदिग्रंथांतील ११२ श्लोकांपैकीं प्रत्येक श्लोक फरीदांचाच, असें यावरून सिद्ध होत नाहीं. इब्राहीम किंवा इतर वंशज यांची भर त्यांत असणें संभवनीय आहे. परंतु तेराव्या शतकांत फरीदांनीं लोकभाषेंत वचनें केलीं, ही परंपरा सोळाव्या शतकाची कल्पना आहे, असें मात्र यापुढें म्हणतां येणार नाहीं. वादाचें ओझें आतां संशय घेणाऱ्यांच्या शिरावर आलें आहे.

यांत महाराष्ट्रास अभिमानापेक्षां बोध घेण्याजोगें अधिक आहे. ज्या आदिग्रंथांत फरीदांचे श्लोक आहेत, त्यांतच आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत, व पंजाबांतील घुमान येथें त्यांचें स्मारक आहे. नामदेवांच्या काव्याचा एक मोठा ठेवा पंजाबनें जतन केला. फरीदांच्या वचनांची जुनी साक्ष दख्खननें जतन केली. दोन्ही ठिकाणीं ठेव सांभाळणाऱ्यास तिची भाषा पूर्णपणें आपली नव्हती, आणि कदाचित् म्हणूनच ती जशीच्या तशी राहण्यास मदत झाली.

म्हणून शेवटीं आमच्या भागांतील संग्राहकांस एक विनंति. कर्जत-खालापूरचा मुलूख बोरघाटाच्या तोंडाशीं आहे. कोंकणांतील बंदरें व देश यांमधील जुनी वाहतूक याच वाटेनें चाले, आणि वाहतुकीबरोबर माणसें, फकीर, गोसावी व त्यांचीं बाडें हींहि जात-येत. अशा प्रदेशांतील घरांत मोडी कागदांच्या जोडीला एखादें फारसी किंवा बालबोध बाड निघालें, व त्यांत अनोळखी हिंदवी, पंजाबी वचन आढळलें, तर तें अशुद्ध मराठी समजून बाजूस टाकूं नये आणि सुधारूनहि घेऊं नये. जसें लिहिलें असेल तसेंच, काना-मात्रेसह उतरून घ्यावें. पान कितवें, मागेंपुढें काय आहे, शाई व हात एकच कीं निराळा, आणि बाड कोणत्या रुमालांत होतें, हें त्याच वेळीं टिपावें. पान रुमालांतून कधींहि वेगळें करूं नये. कारण वचनाचा काळ ठरतो तो त्याच्या शेजारच्या तारीखवार कागदांवरून. खुलदाबादच्या लेखकांनीं एवढेंच केलें होतें: कोणी म्हटलें, कोठें म्हटलें, केव्हां म्हटलें, तें लिहून ठेविलें. त्या तीन नोंदींवर आज एका भाषेच्या काव्याचा आरंभ निश्चित करतां येतो.